एकाच फाइलीचे दोन पत्ते: डेबियनमधला /यूएसआर विलीनीकरणाचा वाद

खडकवासला

मागच्या आठवड्यात आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयाचा सर्व्हर डेबियन या लिनक्स प्रणालीच्या १२ व्या आवृत्तीवरून १३ वीवर नेला. रात्री साडेआठला बसलो, दहाच्या आत आटोपलं, एकही सेवा पडली नाही. शेजारी बसलेल्या नव्या सहकाऱ्याने मुळाशी असलेल्या फोल्डरांची यादी काढली आणि विचारलं, "सर, या /बिन, /एसबिन, /लिब, /लिब६४ पुढे बाण कसले? सगळे /यूएसआर कडेच चाललेत."

प्रोग्राम आणि त्यांच्या लायब्रऱ्या ठेवायच्या त्या आता वेगळ्या जागा राहिलेल्या नाहीत, /बिन म्हणजेच /यूएसआर/बिन, असं सांगून मोकळं होता आलं असतं. पण त्या चार बाणांपायी डेबियनचे मेंटेनर, म्हणजे त्यातली पॅकेजं (प्रोग्रामांचे बसवायला तयार गठ्ठे) सांभाळणारे लोक, वर्षानुवर्षं एकमेकांशी भांडले. ते सांगता सांगता दोनदा चहा झाला. तेच इथे लिहितो आहे, कारण मराठीत यावर काही माझ्या वाचनात आलेलं नाही.

थोडक्यात घटना अशी. फेडोरा या दुसऱ्या लिनक्स प्रणालीने २०१२ मध्ये १७ व्या आवृत्तीत हे काम एका दमात केलं. आर्च या तिसरीने २०१३ च्या जूनमध्ये उरकलं. डेबियनमध्ये मार्को दीत्री यांनी 'यूएसआरमर्ज' नावाचं पॅकेज बनवलं. ते चालू मशीनवर /बिन मधल्या फायली उचलून /यूएसआर/बिन मध्ये ठेवायचं आणि रिकाम्या झालेल्या /बिन च्या जागी सिमलिंक, म्हणजे नव्या जागेकडे नेणारा बाण, लावायचं. २०१९ च्या बस्टरपासून (डेबियन १०) नवं इन्स्टॉलेशन याच मांडणीत येऊ लागलं. जुनं मशीन अपग्रेड केलं तर ते मात्र जुन्याच मांडणीत राहायचं. म्हणजे एकाच आवृत्तीची दोन तऱ्हांची मशीनं आणि दोन्ही सांभाळायची.

विलीन करावं की नाही यावर फारसा वाद नव्हता. वाद पद्धतीवर होता. डीपीकेजी हे डेबियनमध्ये पॅकेज बसवणारं आणि काढणारं मूळ साधन. कुठली फाइल कुठल्या पॅकेजची, याची ते एक नोंदवही ठेवतं, आणि पॅकेजात पत्ता जसा लिहिलेला असेल तसाच अक्षरशः वहीत जातो. यूएसआरमर्जने फायली हलवल्या पण वहीला हात लावला नाही. वहीत /बिन/बॅश, फाइल पडली आहे /यूएसआर/बिन/बॅश मध्ये. सिमलिंकमुळे दोन्ही पत्त्यांवर ती सापडते, म्हणून सगळं सुरळीत वाटतं. डीपीकेजीचे मेंटेनर गिलेम जोव्हर यांचं म्हणणं असं की हे साधनाच्या पाठीमागे केलं गेलं, आणि पुढेमागे फायली मुकाट्याने गायब होतील.

माझं मत: त्यांचा इशारा खरा होता. विलीनीकरण झालं तेही बरं झालं. मधली वर्षं जी वाया गेली, ती कोणी तरी बसून नेमकं काय मोडतं ते मोजायला फार उशीर केला म्हणून.

पाटीपेन्सिल

वाचते आहे. एक अगदी प्राथमिक प्रश्न. मुळात दोन-दोन 'बिन' होतेच कशाला?

जुनीचाळ

@पाटीपेन्सिल, प्रश्न प्राथमिक आहे पण त्यातच सगळी मेख आहे.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची युनिक्स वाढवत होते तेव्हा डिस्क इवल्याशा होत्या. पहिली डिस्क भरली. दुसरीवर वापरणाऱ्यांची घरं होती, ती /यूएसआर. यूएसआर म्हणजे यूजर. मग पहिलीत न मावणारे प्रोग्राम दुसरीवर ठेवायला लागले आणि तिथे आणखी एक 'बिन' उभं राहिलं. जागा नव्हती, एवढंच कारण.

पुढे घरं तिथून /होम मध्ये गेली, पण /यूएसआर राहिलं, आणि त्याला नवी कारणं जोडली गेली. मशीन बिघडलं तर दुरुस्तीपुरती हत्यारं छोट्या मुख्य पार्टिशनवर असावीत. मोठं /यूएसआर नेटवर्कवरून अनेकांना वाटून देता यावं. ही कारणं खोटी नव्हती. मी स्वतः नव्वदच्या दशकाअखेरीस एका प्रयोगशाळेत वीस मशीनं चालवली, त्यांचं /यूएसआर एकाच सर्व्हरवरून एनएफएसने जायचं. एका मशीनची डिस्क केवढी होती सांगितलं तर आजची पोरं विश्वास ठेवणार नाहीत. सकाळी सर्व्हर उठायच्या आधी कोणी मशीन चालू केलं तर ते /बिन मधल्या मोजक्या हत्यारांवर तग धरून बसायचं: डिस्क जोडणारी माऊंट आज्ञा, एक शेल, एलएस, सीपी. त्या मोजक्या हत्यारांनी मला कितीदा वाचवलं आहे, म्हणून त्या जुन्या विभागणीबद्दल मनात आदर आहे.

पण आज ते काम इनिटरॅमएफएस करतं, म्हणजे कर्नलबरोबर मेमरीत चढणारी छोटी फाइल सिस्टिम. डेबियनने तर २०१७ च्या स्ट्रेचमध्येच (डेबियन ९) सांगून टाकलं की /यूएसआर वेगळ्या पार्टिशनवर ठेवायचं असेल तर ते इनिटरॅमएफएसनेच जोडायचं, मागाहून जोडलेलं चालणार नाही. त्या दिवशी विभागणीचा शेवटचा आधार गेला.

घाटमाथा

इतिहास उत्तम लिहिलात काका. पण मूळ धाग्यातल्या "वाया गेलेल्या वर्षां"शी मी असहमत. ती वर्षं वाया गेली ती डीपीकेजीच्या माणसाचं ऐकलं नाही म्हणून.

त्यांनी दुसरा रस्ता सुचवला होता. प्रत्येक पॅकेजने आपापल्या फायली नेहमीच्या रीतीने /यूएसआर मध्ये हलवाव्यात, जुन्या पत्त्यावर गरज असेल तिथे एकेका फाइलीपुरती सिमलिंक ठेवावी, आणि सगळ्या हलल्या की मग फोल्डरांचा प्रश्न घ्यावा. त्यात वही आणि डिस्क क्षणभरही वेगळ्या बोलल्या नसत्या. याला वेळ लागला असता हे मान्य. पण शॉर्टकट घेऊनही ट्रिक्सी (डेबियन १३) यायला २०२५ चा ऑगस्ट उजाडला, मग वाचवलं काय?

आणखी एक. फेडोराने जमवलं म्हणून डेबियनने तसंच करावं हे पटत नाही. फेडोराने पॅकेजं आणि मांडणी एकत्रच बदलली. डेबियनमध्ये आधी मांडणी बदलली आणि पॅकेजं जुन्या पत्त्यांवर राहिली. ही तुलनाच होत नाही.

खडकवासला

@घाटमाथा, शेवटचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पहिल्यावर येतो, पण त्याआधी फाइल नेमकी गायब कशी होते ते लिहितो. त्याशिवाय पुढचं बोलणं वाऱ्यावरच.

समजा 'क' पॅकेजात /लिब/अमुक ही फाइल आहे. मेंटेनरने ठरवलं की पुढच्या आवृत्तीत ती 'ख' या वेगळ्या पॅकेजात द्यायची, आणि जाता जाता पत्ताही नवा करायचा: /यूएसआर/लिब/अमुक. 'ख' मध्ये रीतसर 'रिप्लेसेस' लिहिलं, म्हणजे 'क' ची ही फाइल मी ताब्यात घेतो आहे अशी नोंद.

अपग्रेडला आधी 'ख' उघडलं. त्याने /यूएसआर/लिब/अमुक लिहिली. डीपीकेजीने वही पाहिली, या पत्त्यावर कोणाचाच हक्क नाही, त्यामुळे ताबा घेण्याचा प्रश्नच आला नाही. मग 'क' ची नवी आवृत्ती उघडली. तिच्यात /लिब/अमुक नाही. डीपीकेजी म्हणालं, जुनी फाइल आता कोणाची नाही, पुसतो. /लिब तर /यूएसआर/लिब कडे जाणारी सिमलिंक. पुसली गेली ती आत्ताच 'ख' ने ठेवलेली फाइल.

डीपीकेजीने स्वतःच्या नियमाप्रमाणे एकही चूक केली नाही. कुठे एरर नाही, लॉगमध्ये काही नाही. एकाच पॅकेजाच्या आत फाइल हलवली तर ती वाचते, कारण तिथे डीपीकेजी जुनी आणि नवी फाइल डिस्कवर एकच आहे का ते तपासतं. पॅकेजही बदललं आणि पत्ताही बदलला, की घात.

बांधावरून

मी तंत्रज्ञानातला नाही, शेतीचे आणि जमिनीचे कागद बघणारा माणूस. वडील तलाठी होते. पण हे वाचून अंगावर काटा आला, कारण हे मी कागदावर पाहिलेलं आहे.

आमच्या भागात एकत्रीकरण योजना झाली तेव्हा जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जमीन तीच, आकडा नवा. ज्या गावात फेरफार व्यवस्थित ओढले गेले तिथे काही झालं नाही. जिथे नाहीत, तिथे एकाच तुकड्याची एक नोंद जुन्या आकड्याने आणि एक नव्याने चालत राहिली. एका भावाने गट नंबरावर वाटणी करून घेतली, दुसऱ्याने जुन्या सर्व्हे नंबरावर हक्कसोड लिहून दिलं. दोन्ही कागद खरे, दोन्हींवर सह्या. वडील म्हणायचे, मोजणीवाला चुकला तर बांध सरकतो, नोंद चुकली तर घर फुटतं.

तुमच्या त्या गिलेम साहेबांचं दुखणं मला कळलं. वही ज्याच्या ताब्यात, त्याला न विचारता आकडे बदलले.

खडकवासला

@बांधावरून, यापेक्षा नेमकं मला सांगता आलं नसतं. फरक इतकाच की कागद चुकला तरी जमीन जागेवर असते, कोर्टात जाता येतं. इथे मोजणीवाला येऊन जमीनच उचलून नेतो.

रातराणी

मी एका ठिकाणी अंतर्गत पॅकेजं बांधते, त्यामुळे यातला एक घाव माझ्याही अंगावर आहे. आधी २०१८ ची गोष्ट, कारण ती इथे आलेली नाही.

फाइल गायब होण्याच्याही आधी बांधणीचा प्रश्न समोर आला होता. डेबियनच्या पॅकेज बांधणाऱ्या काही मशीनांची मांडणी विलीन झाली होती. पॅकेज बांधताना कॉन्फिगर स्क्रिप्ट 'सेड (मजकूर बदलणारी आज्ञा) कुठे आहे' असं शोधते. शोधाच्या क्रमात /यूएसआर/बिन आधी येतं, विलीन मशीनवर सेड तिथेही दिसतं, म्हणून पॅकेजात कायमचा पत्ता कोरला जातो: /यूएसआर/बिन/सेड. हेच पॅकेज जुन्या मांडणीच्या मशीनवर गेलं की तिथे सेड फक्त /बिन मध्ये. प्रोग्राम मोडतो. बांधणाऱ्याला कळत नाही, वापरणाऱ्याला कळतं. यावरून इयन जॅक्सन, ज्यांनी नव्वदच्या दशकात डीपीकेजी घडवलं, ते टेक्निकल कमिटीकडे (डेबियनमधल्या तांत्रिक तंट्यांचा निकाल देणारी समिती) गेले की विलीन मांडणी डीफॉल्ट ठेवू नका. कमिटीने २०१९ च्या सुरुवातीला ते मानलं नाही. बांधणीची मशीनं तेवढी जुन्या मांडणीवर परत नेली गेली.

आता माझी गोष्ट. २०२२ ची. आमच्या बॅकअपच्या पॅकेजात एक सिस्टिमडीची (मशीनवरच्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम) सर्व्हिस फाइल होती, /लिब/सिस्टिमडी/सिस्टिम मध्ये. मी पॅकेजाचे दोन तुकडे केले, फाइल 'कॉमन' नावाच्या तुकड्यात टाकली, आणि सगळे /यूएसआर कडे चाललेत म्हणून पत्ता नवा लिहिला. चाचणी घेतली ती २०१७ पासून अपग्रेड होत आलेल्या मशीनवर. तिथे /लिब खरं फोल्डर होतं. दोन पत्ते म्हणजे खरोखर दोन फायली, जुनी पुसली, नवी राहिली, सगळं बरोबर.

शुक्रवारी संध्याकाळी ते बाकीच्या मशीनांवर गेलं. सोमवारी सकाळी पाहते तर निम्म्या मशीनांवर तीन रात्रींचा बॅकअपच नाही. आधी वाटलं टायमर बंद पडला. सर्व्हिस चालू करायला गेले तर सिस्टिमडी म्हणे अशी सर्व्हिसच नाही. डीपीकेजीला विचारलं ही फाइल कोणाची, तर त्याने शांतपणे सांगितलं, 'कॉमन' ची. त्या फोल्डरात जाऊन बघितलं, फाइल नाही. पाच मिनिटं मी एका खिडकीत "आहे" आणि दुसऱ्या खिडकीत "नाही" बघत बसले होते. शेवटी डीपीकेजीचं व्हेरिफाय चालवलं तेव्हा त्या ओळीपुढे 'मिसिंग' दिसलं. निम्मीच मशीनं का, हे कळायला दुपार झाली: जी बस्टरनंतर नव्याने लावली होती तीच.

सुदैवाने त्या तीन दिवसांत कुठली डिस्क गेली नाही. पण तेव्हापासून कोणी "सिमलिंकच तर आहे" म्हणालं की मला राग येतो.

घाटमाथा

@रातराणी ताई, हेच मी म्हणतोय. आणि डेबियनला हे माहीत होतं! म्हणूनच तर कमिटीने २०२१ मध्ये आधी ठरवलं की बुकवर्मपासून (डेबियन १२) फक्त विलीन मांडणी, आणि त्याच वर्षी दुसऱ्या ठरावात सगळ्या मेंटेनरांना सांगितलं की बुकवर्म बाहेर पडेपर्यंत फायली /यूएसआर मध्ये हलवू नका. म्हणजे मांडणी सक्तीची आणि फायली हलवायला बंदी. ज्यांनी इशारा दिला त्यांना अडवणारे ठरवलं गेलं.

उंबरठा

@घाटमाथा, इथे मला बोललंच पाहिजे. डीपीकेजीकडूनही सगळं सरळ झालं नाही. २०२२ मध्ये डीपीकेजी बसताना विलीन मांडणीच्या मशीनवर इशारा छापू लागलं, की ही मांडणी आमची मूळ गृहीतकं मोडते. मशीन परत जुन्या मांडणीत नेणारी स्क्रिप्टही डीपीकेजीबरोबरच येत होती. म्हणजे ज्या मांडणीवर प्रकल्पाने निर्णय घेतला आहे, जिथून परत फिरायचं नाही असं ठरलं आहे, तिथून परत फिरायचा रस्ता सामान्य वापरणाऱ्याच्या हातात. बँकेने शाखा हलवली आणि कॅशियरने ग्राहकाला सांगितलं की नव्या शाखेत पैसे ठेवू नका, असं चालेल का?

डेबियनवर आधारलेल्या उबुंटूने २१.१० च्या अपग्रेडमध्ये उरलेल्या सगळ्या मशीनांची मांडणी बदलून टाकली. किती मशीनं असतील विचार करा. ती कोसळली नाहीत.

घाटमाथा

कोसळली नाहीत कारण त्यांनीही फायली हलवल्या नव्हत्या. रातराणी ताईंनी हलवली आणि गेली.

इशाऱ्याच्या पद्धतीबद्दल मात्र तुमचं ऐकून घेतो. ज्याला तोडगा काढता येत नाही अशा वापरणाऱ्यापुढे भांडण नेऊ नये.

जुनीचाळ

कमिटीचा विषय निघाला म्हणून. तिची रचना माहीत असेल तर हा गुंता इतका का चिघळला ते उमगतं.

डेबियनची लिखित घटना आहे. टेक्निकल कमिटीत जास्तीत जास्त आठ जण. एखाद्या मेंटेनरचा निर्णय तिला फिरवायचा असेल तर तीनास एक बहुमत लागतं. तिने स्वतः तपशिलात डिझाइन करायचं नाही, समोर आलेल्या पर्यायांतून निवडायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं कलम म्हणजे घटनेमुळे कोणावरही काम करण्याचं बंधन येत नाही. हे कलम मला फार मोलाचं वाटतं. हे स्वयंसेवक आहेत. कमिटी 'असं होईल' म्हणू शकते, पण 'तू कर' म्हणू शकत नाही.

डीपीकेजीला दोन पत्ते एकच आहेत हे शिकवायला हवं, असं बरेच जण म्हणत होते. शिकवणार कोण? मेंटेनरला तो मार्गच चूक वाटतो, म्हणून तो लिहिणार नाही, आणि त्याचा तो हक्क आहे. दुसऱ्या कोणी लिहिलं तर तो घेणार नाही, आणि त्याच्यावर लादायला तीनास एक. २०१४ मध्ये सिस्टिमडीच्या निर्णयावर हीच कमिटी चार-चार अशी दुभंगली होती आणि अध्यक्षांच्या मतावर निकाल लागला होता. ती जखम आठवणारे लोक पुन्हा ताणायला तयार नव्हते. म्हणून बंदी घालून वेळ काढला. मला त्यात भ्याडपणा दिसत नाही. ज्या जागी माहीत आहे की पाय घसरतो, तिथे दोरी बांधून ठेवली.

पाटीपेन्सिल

मग सुटलं कसं? डीपीकेजी बदललं का?

खडकवासला

नाही, आणि या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत आवडणारा भाग हाच आहे.

हेल्मुट ग्रोहने यांनी 'डेप १७' नावाचा प्रस्ताव हातात घेतला. सुरुवातीला त्याचं शीर्षकच डीपीकेजीला दोन पत्त्यांचं भान द्यावं अशा अर्थाचं होतं. चर्चा पुढे गेली तशी दिशा उलटी झाली: डीपीकेजीला हात न लावता, पॅकेजांमधला एकूण एक जुना पत्ता /यूएसआर चा करायचा. वहीत जुना पत्ताच उरला नाही तर दोन पत्त्यांचा प्रश्न उरत नाही. @घाटमाथा, नीट पाहिलं तर हे तुमच्या बाजूच्या म्हणण्याच्या बरंच जवळ आहे, फक्त सिमलिंक आधी लागलेली होती.

मग त्यांनी मोडणाऱ्या गोष्टींची एकेक जात वेगळी काढली. फाइल गायब होणं ही एक. डायव्हर्जन ही दुसरी. एखादं पॅकेज दुसऱ्याची फाइल बाजूला सारून तिथे आपली ठेवतं, तिला डायव्हर्जन म्हणतात. मॉली-गार्ड घ्या. एसएसएचवरून कोणी रीबूट आज्ञा दिली तर ते आधी मशीनचं नाव टाइप करायला लावतं, म्हणजे चुकून भलतंच मशीन बंद होत नाही. त्यासाठी ते /एसबिन/रीबूट बाजूला सारतं. उद्या मूळ पॅकेजाने रीबूट /यूएसआर/एसबिन मध्ये पाठवलं, तर डायव्हर्जन जुन्या पत्त्यावरच पहारा देत बसणार आणि खरी आज्ञा मॉली-गार्डच्या फाइलीवर येऊन बसणार. पहारेकरी गेल्याचं कळणार कधी, तर सर्व्हर खरंच बंद झाल्यावर.

प्रत्येक जातीला वेगळा उतारा. कुठे 'ब्रेक्स' (जुन्या आवृत्तीशी जमत नाही एवढीच नोंद) च्या जागी 'कॉन्फ्लिक्ट्स' लिहायचं, म्हणजे जुनं पॅकेज आधी पूर्ण निघतं आणि मगच नवं बसतं. कुठे फाइलीला तात्पुरतं संरक्षक डायव्हर्जन द्यायचं. आणि हे सगळं डोळ्यांनी शोधत बसणं अशक्य, म्हणून त्यांनी 'डुमॅट' नावाचं साधन लिहिलं. ते डेबियनच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांमधल्या पॅकेजांच्या फाइल-याद्या एकत्र करून ताडून बघतं: ही फाइल इथून तिथे गेली, मालकही बदलला, म्हणजे इथे घात आहे, बग नोंदवा. बुकवर्म २०२३ च्या जूनमध्ये आलं, त्याच वर्षी बंदी उठली आणि काम सुरू झालं.

रातराणी

शेवटचा टप्पा सांगायलाच हवा, मी तो श्वास रोखून पाहिला होता.

बाकीची पॅकेजं एकेक करून हलवता येतात. पण काही अशी आहेत की ती हलताना जमीनच हलते. डेबियनच्या ६४ बिटी पीसीवरच्या जवळजवळ प्रत्येक प्रोग्रामच्या पोटात लोडरचा पत्ता कोरलेला असतो: /लिब६४ च्या आत, एलडी-लिनक्स नावाची फाइल. प्रोग्राम सुरू करताना कर्नल आधी ती शोधतो. म्हणजे एका क्षणापुरती /लिब६४ ची सिमलिंक नाहीशी झाली तर एलएस चालत नाही, सीपी चालत नाही, शेल नवीन उघडत नाही. सिमलिंक परत लावायची आज्ञासुद्धा चालत नाही, कारण तीही प्रोग्रामच आहे! आणि /बिन, /लिब६४ या सिमलिंका शेवटी कुठल्या तरी पॅकेजाच्या मालकीच्या व्हायला हव्यात. त्या बेस-फाइल्सकडे गेल्या. त्यासाठी बेस-फाइल्स, बॅश, डॅश, जीलिबसी आणि यूटिल-लिनक्स ही पाच २०२४ च्या जूनमध्ये एकाच वेळी चढवली गेली. पाच वेगवेगळी पॅकेजं, पाचांचे मेंटेनर राजी, एक तारीख.

मी त्या आठवड्यात एका रिकाम्या मशीनवर अनस्टेबल (नवे बदल आधी येतात ती डेबियनची शाखा) रोज अपग्रेड करत होते. काहीच झालं नाही. ते 'काहीच झालं नाही' बघून मला भरून आलं, खरं सांगते. कोणीतरी माझ्या त्या सोमवारची आधीच काळजी केली होती.

उंबरठा

हे माहीत नव्हतं. लिहिल्याबद्दल आभार. ट्रिक्सीत सत्तर हजारांच्या आसपास पॅकेजं आहेत, त्यातून अशी वाट काढायची म्हणजे काय.

तरी एक शंका. हेल्मुट यांनी जे २०२३ मध्ये केलं ते २०१६ मध्ये कोणी केलं असतं तर?

घाटमाथा

माझंही तेच दुखणं आहे. फक्त मी म्हणेन की ज्यांनी बदल आणला, मोजणीची जबाबदारी त्यांची होती. बदल आणणाऱ्याने "मोडून दाखवा" म्हणायचं नसतं. २०१६ ते २०२३ डीपीकेजीचा मेंटेनर मोडून दाखवत होता आणि त्याला पुरावा कमी आहे असं ऐकावं लागत होतं.

जुनीचाळ

यावर माझा घाटमाथांना पाठिंबा. आणि तरी आजच्या मांडणीवरून मागे जाऊ नये हेही म्हणतो. सिस्टिमडीने २५५ व्या आवृत्तीत, २०२३ च्या डिसेंबरात, विभागलेल्या मांडणीचा आधारच काढून टाकला. आता जुनी मांडणी पाहिजे तर स्लॅकवेअरसारखं वेगळं घर बघावं लागेल.

जाता जाता, फेडोराने ४२ व्या आवृत्तीत /यूएसआर/एसबिन सुद्धा /यूएसआर/बिन मध्ये विलीन केलं आहे. डेबियनमध्ये कोणी तो विषय काढला तर निदान या वेळी वही आधी उघडली जावी.

पाटीपेन्सिल

फार शिकायला मिळालं. आमच्या ऑफिसातही दोन-तीन अंतर्गत पॅकेजं आहेत, कोणी बांधली होती तो माणूस आता नाही. मी ट्रिक्सीवर जायच्या आधी काय बघू?

रातराणी

@पाटीपेन्सिल, पॅकेज उघडून फाइलींची यादी काढ. ज्या पत्त्याची सुरुवात थेट /बिन, /एसबिन किंवा /लिब ने होते तो प्रत्येक पत्ता /यूएसआर चा कर. डेबहेल्परमध्ये (पॅकेज बांधायला मदत करणारं साधन) 'मूव्ह-टू-यूएसआर' नावाची तयार पायरी आहे, ती बांधणीत लावलीस की हे आपोआप होतं. पण त्याच वेळी पॅकेजाचे तुकडे करू नकोस, नावही बदलू नकोस. एका खेपेला एकच. तुकडे करायचेच असतील तर 'ब्रेक्स' नको, 'कॉन्फ्लिक्ट्स' लिही. कुठे डायव्हर्जन लावलेलं आहे का ते पोस्ट-इन्स्टॉल आणि प्री-इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये शोध. आणि चाचणी नव्याने लावलेल्या मशीनवर घे, अपग्रेड झाल्यावर लगेच व्हेरिफाय चालव. 'मिसिंग' अशी एकही ओळ दिसली तर पुढे जाऊ नकोस, इथे येऊन लिही.

पाटीपेन्सिल

आत्ताच बघितलं. तीनपैकी एका पॅकेजात /लिब/यूडेव्ह च्या आत एक नियमांची फाइल आहे, आणि प्री-इन्स्टॉलमध्ये /बिन/झेडकॅट वर डायव्हर्जन लावलेलं आहे. झेडकॅटवर कशाला लावलं असेल? फाइलीत काही टीप नाही.

रातराणी

झेडकॅट जीझिप पॅकेजातून येतं. हात लावू नकोस अजून. त्या स्क्रिप्टच्या आधीच्या आवृत्त्या कुठे ठेवलेल्या आहेत का बघ, आणि पूर्ण स्क्रिप्ट इथे टाक. रात्री जेवण झालं की बघते.